सातवीनंतर, अभ्यासिकेआधी

तालुक्याच्या कुठल्याही वाचनालयात संध्याकाळी सहाच्या सुमारास डोकावून बघा. एका खोलीत बाल विभाग: सतरंजी, भिंतीवर वाघ-हत्ती, चौथी-पाचवीतली पोरं एकाच चित्रांच्या पुस्तकावरून भांडतायत. वरच्या मजल्यावर अभ्यासिका: प्लायवूडचे कप्पे, चार्जिंगला लावलेले मोबाइल, समोर पोलीस भरती, तलाठी आणि एमपीएससीची जाडजूड पुस्तकं. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी निवृत्त मंडळी. आता यांत तेरा ते अठरा वयाची मुलं शोधा. बहुतेक सापडायची नाहीत. सातवीनंतर बाल विभागातून बाहेर पडलेलं पोर थेट अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी अभ्यासिकेत उगवतं, आणि तेव्हा कादंबऱ्यांच्या कपाटाकडे मान वळवायलाही त्याला सवड नसते.

मी जळगाव-धुळे महामार्गावरच्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. पगार सांगण्यासारखा नाही, म्हणून सांगत नाही. पण या मधल्या पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी एक वेगळं कपाट लावायचं आणि ते चालतं ठेवायचं, हे काम मी हौसेनं करते. ‘एक कपाट ते काय, भरलं की झालं’ असं आमच्या कार्यकारी मंडळातल्या काहींना अजूनही वाटतं. भरणं सोपंच आहे. चालतं ठेवण्यात खरी कसोटी.

खानदेशाला वाचनालयं नवी नाहीत. जळगावचं व. वा. वाचनालय १८७७ सालचं. धुळ्याचं गरुड वाचनालय शहरात सगळ्यांना ठाऊक. १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आला आणि गावोगावच्या वाचनालयांना मान्यता, अनुदान, अ-ब-क-ड असे वर्ग मिळाले. बाल विभाग सुरू झाले, महिला विभाग झाले. कुमारवयाच्या मुलांचा विचार मात्र कुणी वेगळा केला नाही. ती मुलं म्हणजे थोडी मोठी बालकं, नाहीतर थोडे लहान प्रौढ, असं धरून चाललं.

असा विचार याच भागात एका माणसानं केला होता. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि छात्रालयातल्या मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढू लागले. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं. दिवसभर शिकवून, मुलांचं दुखणंखुपणं बघून वर रोज नवा मजकूर लिहायचा, हे काय काम आहे ते लिहिणाऱ्यालाच कळेल. आणि आम्ही? गुरुजींचं नाव घेऊन मुलांच्या हातात तेवढी ‘श्यामची आई’ देतो. आमच्याकडे तिच्या ढीगभर प्रती आहेत, कारण वाढदिवसाला, पुण्यतिथीला, बक्षीस समारंभाला देणगी म्हणून तीच येते. पुस्तकाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण नववीतल्या मुलाला चौथ्यांदा तेच पुस्तक दिलं की तो वाचनालयाचा रस्ता सोडतो. मी कपाटात दोन प्रती ठेवते, बाकीच्या शाळांना देते.

आता कपाट कुठे ठेवायचं ते. बाल विभागात ठेवलं तर आठवीचा मुलगा तिथे मरून जाईल पण पाऊल टाकणार नाही. धाकट्या बहिणीच्या मैत्रिणी तिथे बसलेल्या असतात. मोठ्यांच्या देवघेव विभागात ठेवलं तर काउंटरपाशी कुणीतरी ओळखीचे काका उभे, ‘काय रे, दहावीचं वर्ष ना तुझं?’ असं विचारणारे. आमचं कपाट जिन्याखाली आहे, अभ्यासिकेकडे जाण्याच्या वाटेवर. दारं काढून टाकली आहेत. कुलूप नाही, काचही नाही. पुस्तक हातात घेऊन चाळता आलं पाहिजे. चिठ्ठीवर नाव लिहून शिपायाकडून मागवायची पद्धत या वयाला चालत नाही. जागेचा फायदा दुहेरी होतो. भावाला डबा द्यायला आलेली बहीण तिथे रेंगाळते, आणि चालू घडामोडी वाचून कंटाळलेला अभ्यासिकेतला पोरगाही चहाला जाताना एखादी रहस्यकथा उचलतो.

पुस्तकं निवडताना मी आधी बारीक गोष्टी बघते. टाइप डोळ्यांना बरा आहे का. पानं दीडशे-दोनशेच्या आत आहेत का. पहिल्या तीन पानांत काही घडतं की लेखक सूर्योदयाचं वर्णन करत बसलाय. लेखक-समीक्षकांना हे हलकं वाटेल, पण जो मुलगा आजवर पाठ्यपुस्तकाबाहेर काही वाचलेला नाही, त्याला पहिलं पुस्तक पूर्ण केल्याचा आनंद मिळायला हवा. जाड पुस्तकं नंतर येतात आणि येतात तेव्हा धो धो येतात. ‘मृत्युंजय’ आणि ‘छावा’ आमच्याकडे अकरावीतली मुलं उभ्या उभ्या संपवतात. ती वाचा म्हणून मला कधी कुणाला सांगावं लागलं नाही.

सुरुवातीला हमखास चालतो तो भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा हा बनेश आजच्या मुलांना जुनाट वाटेल अशी मला भीती होती. सायकल, टेलिफोन, तार, सगळं त्यांच्या आजोबांच्या काळातलं. पण गोष्ट पळत असली की मुलं तारेचा अर्थ विचारायलाही थांबत नाहीत. त्यानंतर भुताखेतांची पुस्तकं. धाडधाड जिना उतरत येऊन ‘मॅडम, भूतनं पुस्तक शे का?’ असं अहिराणीत विचारणारी पोरं माझी सगळ्यात निष्ठावंत गिऱ्हाइकं. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी त्यांच्यासाठीच. भयकथा वाचून मुलं बिघडतात असं सांगणारे पालक मला भेटतात. मी त्यांना एवढंच म्हणते की भीती वाटण्यासाठी आधी नीट वाचता यावं लागतं.

विज्ञानकथांत जयंत नारळीकरांची ‘यक्षांची देणगी’ अजून फिरते. जंगल आवडणाऱ्यांना व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली. दोन मुलांनी मिळून चितमपल्ली वाचले आणि मग यावलच्या अभयारण्यात कधी नेता, म्हणून माझ्या मागे लागले. माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ मी मुद्दाम दर्शनी ठेवते. पातळ आहे, आणि तिच्यातलं माणदेशी गाव आमच्या कोरडवाहू गावांना परकं वाटत नाही.

पण या वयाला साहसकथेइतकीच आणखी एक गोष्ट हवी असते: आपल्याच वयाचं कुणीतरी, आपल्यासारखंच आतून गोंधळलेलं. इंग्रजीत या प्रकाराला मोठं वळण दिलं ते एका मुलीनं. एस. ई. हिंटन हिची ‘द आउटसायडर्स’ १९६७ साली आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. मुलांच्या टोळ्यांवरची कादंबरी मुलीनं लिहिली म्हटल्यावर समीक्षक नाकं मुरडतील, म्हणून पुस्तकावर नावाची फक्त आद्याक्षरं छापली गेली. मराठीत हे कपाट छोटं आहे, पण त्यात आहे ते अस्सल आहे. प्रकाश नारायण संतांचा लंपन ‘वनवास’पासून ‘झुंबर’पर्यंत चार पुस्तकांत वाढतो. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ ची. आणीबाणीच्या काळातली नववीतली मुलं. ही पुस्तकं मुलं मागून नेत नाहीत. शेजारी काय ठेवलंय ते बघत बघत त्यांच्यापर्यंत येतात.

‘शाळा’वरून एका वडिलांनी माझ्याशी वाद घातला. ‘आम्ही पोरीला ज्ञान मिळवायला पाठवतो, तुम्ही प्रेमाच्या गोष्टी देता.’ मी सांगितलं की पुस्तक आधी तुम्ही वाचा. त्यांनी नेलं नाही. मुलीचं कार्ड बंद केलं, अनामत परत घेतली. पुस्तक कपाटातच आहे. सगळ्यांचं समाधान होईल असं कपाट लावायचं ठरवलं तर त्यात सुविचारसंग्रहाशिवाय काही उरणार नाही.

भालचंद्र नेमाडे जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीचे, आणि ‘कोसला’तला पांडुरंगही सांगवीकरच. तिथून शिकायला पुण्याला जाणारा. १९६३ साली कादंबरी आली तेव्हा नेमाडे स्वतःच पंचविशीत होते. आज आमच्याकडची मुलं बारावीनंतर बॅग भरून पुण्याला जातात, खोली घेऊन राहतात, मेसचं जेवण जेवतात, त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटतं. ‘कोसला’ मी वरच्या फळीवर ठेवते. बंदी म्हणून नाही, दहावीच्या आधी ती हाती पडली तर कंटाळून कायमची टाकली जाईल म्हणून.

जवळची पुस्तकं हवीत, हे म्हणायला सोपं. आमची मुलं घरी अहिराणी बोलतात, यावल-रावेरकडे लेवा गणबोली, शिरपूर-साक्रीच्या डोंगरभागात पावरी आणि भिली. या बोलींत त्यांच्या वयासाठी छापलेलं फार थोडं मिळतं. बहिणाबाईंची गाणी आहेत, पण धड्यातून आल्यामुळे मुलांना ती परीक्षेची वाटतात. वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ संग्रह आश्रमशाळेतून आलेल्या एका मुलानं इतके दिवस ठेवून घेतला की मी शेवटी दंड न लावता दुसरी प्रत मागवली. खानदेशातल्याच आबा गोविंदा महाजन यांच्या ‘आबाची गोष्ट’ला २०२० चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, ते पुस्तक लहानांचं म्हणून बाल विभागात होतं, मी एक प्रत इकडे आणली. बाकी पोकळी मुलांनीच भरावी म्हणून कपाटाशेजारी एक वही टांगली आहे. १९०७ साली जळगावच्या कवी संमेलनात धरणगावच्या ज्या मुलाला ‘बालकवी’ हे नाव मिळालं, तो तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होता. वहीत अजून तसं कुणी सापडलेलं नाही. बऱ्याचशा चारोळ्या आहेत, क्रिकेटपटूंची नावं आहेत, आणि एका मुलीनं कापूस वेचणीच्या दिवसांवर लिहिलेली दोन पानं आहेत, ती मात्र छापण्याजोगी आहेत.

मागणीची वेगळी यादी त्याच वहीच्या मागच्या पानांवर असते. तीत निम्म्या गोष्टी मला कळत नाहीत; मग विचारावं लागतं, आणि विचारलं की मुलं खुलतात.

खरेदीचं गणित असं. अनुदान हप्त्यांनी येतं, त्यामुळे खरेदी बहुधा आर्थिक वर्षाच्या शेवटी, धावपळीत होते. अशा वेळी विक्रेते ‘संच’ घेऊन येतात: थोर पुरुषांची बत्तीस-बत्तीस पानी चरित्रं, चाळीस टक्के सूट, दाखल नोंदवहीत एका दिवसात पन्नास आकडे वाढतात. वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिकं बघितली जातात, म्हणून संस्थांना संख्येचा मोह होतो. मी संचातलं एखादंच पुस्तक उघडून बघते. एकाच चित्रकाराचा एकच चेहरा, टिळकांना वेगळी पगडी आणि फुल्यांना वेगळी. असे संच कपाटात शिरले की मुलं दोन दिवसांत ओळखतात, हे शाळेसारखंच आहे. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून वाचनालयांना पुस्तकरूपानं मदत देतं. त्यातून चांगली पुस्तकंही येतात, पण आलेलं सगळं कुमारांच्या कपाटात जात नाही. मालिकेतली पुस्तकं घेताना सगळे भाग घ्यायचे, नाहीतर एकही नाही. मराठी हॅरी पॉटर आमच्याकडे सातही भागांत आहे. मध्यंतरी तिसरा भाग गहाळ झाला, तर चौथ्यापासून पुढचे सगळे धूळ खात पडले. एका भागाची किंमत वाचवून चार भाग वाया घालवण्यात शहाणपण नाही.

नियतकालिकांत बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात; त्याचा क्यूआर कोड छापून कपाटाला चिकटवलाय. ‘वयम्’ आणि ‘साधना’चा बालकुमार दिवाळी अंक मागवते. दिवाळी अंक दिवाळीतच ठेवावेत. होळीला ते कुणी हातात धरत नाही.

पुस्तक आणलं, लावलं, आता काढायचं. वाचनालय वाढत राहिलं पाहिजे, असं ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रांत सांगितलं, ते आमच्याकडे भिंतीवर रंगवलेलंही आहे. वाढणं म्हणजे नुसतं फुगणं नव्हे, हे मात्र भिंतीवर नाही. माझ्या कपाटातून दरवर्षी जूनच्या आधी पुस्तकं बाहेर जातात. विंडोज ९८ शिकवणारं पुस्तक. प्लूटोला २००६ मध्ये ग्रहांच्या यादीतून काढलं तरी नऊ ग्रह मोजणारं खगोलशास्त्र. ज्यात नंदुरबार अजून धुळे जिल्ह्यातच आहे असा नकाशासंग्रह. तो जिल्हा १९९८ लाच वेगळा झाला. ‘करिअरच्या वाटा’ म्हणून बंद पडलेले अभ्यासक्रम सांगणारी पुस्तकं तर सर्वांत घातक, कारण मुलं त्यांवर विश्वास ठेवतात. यादी करायची, मंडळाचा ठराव घ्यायचा, दाखल नोंदवहीत शेरा मारायचा. दरवेळी कुणीतरी कळवळून म्हणतं, ‘ताई, पुस्तक म्हणजे सरस्वती.’ जुनं जपणाऱ्या संस्था खानदेशात आहेत आणि थोर आहेत. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून बखरी, दफ्तरं सांभाळतंय. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितं आहेत. ते त्यांचं काम. जिन्याखालच्या कपाटाचं काम वेगळं आहे.

कुठलं पुस्तक चालतं हे कळायला शेवटच्या पानावरचं तारखांचं चिकटपत्र बघायचं, असं आम्हाला शिकवलेलं असतं. ते अर्धं खरं आहे. वयात येताना शरीरात होणाऱ्या बदलांवरचं एक पुस्तक आमच्याकडे आहे. तारखांचं पत्र जवळजवळ कोरं. म्हणजे बाद करायला हवं? पुस्तक उघडून बघा: मधली चाळीस पानं बोटांनी काळवंडलेली, एका कोपऱ्याची घडी तुटून पडलेली, कणा त्याच जागी फाकलेला. ते कुणी घरी नेत नाही. नेणार कसं, घरी दप्तर तपासतात. जिन्याखाली उभ्यानं वाचतात. त्याची नोंद कुठल्याच अहवालात जात नाही. ते पुस्तक मी कपाटाच्या अगदी कडेला ठेवते, जिथे उभं राहिलं तर काउंटरवरून दिसत नाही.

आणि ऊन. मे महिन्यात इथे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. हल्लीची पुस्तकं शिवत नाहीत, पाठीला नुसता डिंक लावतात. तो उन्हाळ्यात वाळून कडक होतो, आणि एखाद्या मुलानं पुस्तक गादीवर पालथं टाकलं की मधूनच कट् आवाज होऊन दोन तुकडे. दोष मुलाचा नसतो. आमच्याकडे बांधणीला येणारे चाचा दाभणानं पाठीला भोकं पाडून दोऱ्यानं शिवतात, मग मैद्याची खळ लावतात. कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद. काम पक्कं. अडचण एकच: वरून सगळ्यांना तपकिरी रेक्झिन. एकदा तपकिरी झालेलं पुस्तक कुमारवयाच्या वाचकासाठी मेलेलंच समजा. त्याला ते जमीन महसुलाचं दफ्तर वाटतं. आता मी मूळ मुखपृष्ठ आधीच सोडवून घेते आणि बांधणीनंतर वर चिकटवते, त्यावर पारदर्शक प्लास्टिक. चाचांना हे लाड वाटतात, पण करून देतात.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या वाचनालयात मार्गारेट एडवर्ड्स नावाच्या बाई होत्या. १९४० च्या दशकात त्या घोडागाडीत पुस्तकं भरून वस्त्यांमध्ये कुमारवयीन मुलांकडे जायच्या. आपल्या मदतनिसांना त्या आधी स्वतः भरपूर वाचायला लावत, मगच मुलांशी बोलायला सोडत. घोडागाडी आपल्याला नको. मदतनिसांचं मात्र पटतं. आमच्या अभ्यासिकेतल्या तीन मुली आलटून पालटून कपाट सांभाळतात. मी सांगितलेलं पुस्तक मुलं नेतात आणि न वाचता परत आणतात. त्या मुलींनी ‘ए, हे भारी आहे’ म्हटलं की परत यायला उशीर होतो.

वेचणीच्या दिवसांत, ऑक्टोबर ते डिसेंबर, शेतकऱ्यांची मुलं येत नाहीत. त्या काळात मुदत आपोआप वाढवते. लग्नसराईत पुस्तकं मामाच्या गावी जातात, परत येताना कधी दोन गावं फिरून येतात. हरवलेल्या पुस्तकाचे पैसे मी हप्त्यानं घेते. दंडाची पाटी काढून टाकली त्याला मंडळाची हरकत होती, अजून आहे.

यंदाच्या वहीत एकच मागणी वेगवेगळ्या अक्षरांत पुन्हा पुन्हा आली आहे: जपानी चित्रकथा, मांगा. मुलं मोबाइलवर ‘नारुतो’ बघतात आणि त्यांना पुस्तक हवं आहे. मराठीत मिळत नाही, इंग्रजीत महाग पडतं, आणि भाग संपता संपत नाहीत. म्हणजे माझाच नियम माझ्या आड येतो. तरी नमुना म्हणून पहिले तीन भाग मागवले, जो मुलगा इंग्रजीच्या तासाला तोंड लपवतो तो चित्रांच्या आधारानं ते वाचतोय. खरेदी समितीच्या बैठकीत पुस्तकं टेबलावर ठेवली. एका सदस्यांनी पहिला भाग उचलला, उघडला, उलटसुलट करून पाहिला आणि बांधणी उलटी झालीय, विक्रेत्याला परत करा, म्हणाले. ती पुस्तकं उजवीकडून डावीकडेच वाचतात, हे मी सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पहिलं पान काढलं. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आहे. पहिला भाग मात्र ते घरी घेऊन गेलेत आणि वहीत चौघं त्याची वाट बघतायत.